इन्शुरन्स आहे ना, मग?

गेल्या जुलैत, बाणेर रोडवर, संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास मला मागून ठोकलं. सिग्नल लाल होता, मी थांबलेलो होतो, पाऊस रिपरिपत होता. ठोकणारी गाडी म्हणजे एक पांढरी एसयूव्ही, पुढे जाडजूड लोखंडी गार्ड लावलेली. (असे गार्ड बेकायदा आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना यावर कारवाई करा म्हणून कळवलंय. पुण्यात मला ते एकही दिसले नाहीत असा दिवस आठवत नाही.) त्या धक्क्याने माझी गाडी फूट-दीड फूट पुढे सरकली आणि पुढे उभ्या असलेल्या एका डिलिव्हरीवाल्या मुलाच्या स्कूटरला लागली. आधी पाठीवरचा चौकोनी डबा कलला, मग तो मुलगा आडवा झाला.

मी उतरलो. एसयूव्हीतले गृहस्थ काच खाली करून बसले होते. चाळिशीचे असावेत, शांत. मी म्हटलं, "अहो, बघा काय झालंय." त्यांनी बसल्या जागेवरून मान लांब करून माझा बंपर पाहिला, आणि एकच वाक्य म्हणाले. "इन्शुरन्स आहे ना? मग क्लेम करून टाका की."

आवाजात जराही उर्मटपणा नव्हता. उलट मदत केल्यासारखा सूर होता. मागे हॉर्न सुरू झाले होते. त्यांनी मागितल्यावर नंबर दिला आणि सिग्नल सुटताच गेले. तो मुलगा मात्र माझ्यापाशी आला, कारण त्याच्या दृष्टीने ठोकणारा मी होतो. कोपर खरचटलं होतं. "दादा, लाइट गेली ना माझी. मडगार्ड बी वाकलंय." मी त्याला बाराशे रुपये यूपीआय केले. त्याने डब्यातली ऑर्डर उघडून पाहिली, सांडलेली होती, आणि आधी कस्टमरला फोन लावला.

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. "इन्शुरन्स आहे ना, मग?" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, बहुधा म्हटलंही असेल. मीही म्हटलंय, त्याचं पुढे सांगतो. माझं म्हणणं असं आहे की आपल्या रस्त्यांवर जी बेफिकिरी दिसते, तिच्यामागे संस्कार, शिक्षण, लोकसंख्या वगैरे असेलही, पण या एका वाक्यामागे चक्क एक आर्थिक व्यवस्था आहे. ठोकणाऱ्याला शून्य रुपये खर्च यावा आणि ठोकलं गेलेल्याने भरावं, अशी ती रचलेली आहे. आणि ती पूर्णपणे कायदेशीर आहे.

आधी माझा हिशेब. गाडी पाच वर्षं जुनी हॅचबॅक. गॅरेजचं एस्टिमेट जीएसटी धरून असं होतं: मागचा बंपर ५,६०० रुपये, टेललॅम्प ३,२००, पेंटिंग ३,६००, मजुरी १,८००. एकूण १४,२००. आता विमा. प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या पार्टवर सरसकट ५० टक्के घसारा कापला जातो, मग गाडी सहा महिन्यांची असो की सहा वर्षांची. म्हणजे बंपरचे २,८०० आणि लॅम्पचे १,६०० माझे. पेंटिंगच्या बिलातला २५ टक्के भाग रंगाचा खर्च मानतात आणि त्याच्या निम्मे कापतात, ते ४५०. शिवाय प्रत्येक क्लेमला सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये. असं सगळं वजा जाता कंपनी देणार ८,३५०. 'झिरो डेप' घेतलं असतं तर जास्त मिळाले असते, पण पाच वर्षांच्या गाडीला ते महाग पडतं म्हणून मी घेतलं नव्हतं. ही माझी निवड, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढच्या आकड्याबद्दल आहे. नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी. क्लेम न करता पहिलं वर्ष गेलं की ओन डॅमेजच्या प्रीमियमवर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. माझी सूट ५० टक्क्यांवर पोचली होती. एक क्लेम केला की ती शून्य होते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचं. मी एक साधी एक्सेल शीट केली. सूट शून्य झाली तर पहिल्या वर्षी ५० टक्के तोटा, दुसऱ्या वर्षी ३०, मग २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के. माझा ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम साधारण ९,००० आहे. त्याचे १२५ टक्के म्हणजे ११,२५०. गाडी जुनी होते तशी ही मूळ रक्कमही उतरते, तेव्हा दहा हजार धरा.

म्हणजे क्लेम केला तर आज ८,३५० मिळणार आणि पुढच्या पाच वर्षांत दहा हजार जाणार. शहाणपणाचा निर्णय एकच, क्लेम न करणं. दुसऱ्याच्या चुकीसाठी १४,२०० रुपये आपल्या खिशातून भरणं आणि वर विम्याचा हप्ताही भरत राहणं.

आणि त्या गृहस्थांचं काय झालं? त्यांच्या गार्डला ओरखडाही आला नव्हता, म्हणजे त्यांना क्लेम करायची गरजच नाही. एनसीबी फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या क्लेमवर ठरतो. तुम्ही वर्षभरात दहा जणांच्या गाड्या ठोका, तुमची शाबूत राहिली आणि तुम्ही क्लेम केला नाही, तर कागदावर तुमचं वर्ष 'नो क्लेम' आहे. तुमची सूट वाढते. बरं, थर्ड पार्टीचा हप्ता तरी वाढेल? तोही नाही. तो सरकार ठरवतं, आणि ठरवतं ते इंजिनच्या सीसीवरून. जून २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या कारला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७. तुम्ही कशी चालवता याचा रकाना नाही. जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयच्या एका कार्यगटाने वाहतूक नियम मोडणाऱ्यांकडून जादा प्रीमियम घ्यावा अशी शिफारस केली होती. तेव्हापासूनच्या माझ्या पॉलिसीच्या एकाही कागदावर मला तो रकाना सापडलेला नाही.

आमच्याकडे सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी कारण शोधून लिहावं लागतं. कोणाला फाशी द्यायची म्हणून नाही, तर पुन्हा पडू नये म्हणून. मोटार विम्याच्या या व्यवस्थेत लहान अपघाताचं कारण विचारायची जागाच नाही. विचारलं जाऊ नये यासाठी विमा कंपन्यांचा आपसात करार आहे, त्याला 'नॉक फॉर नॉक' म्हणतात. दोन विमा असलेल्या गाड्या आपटल्या तर चूक कोणाचीही असो, ज्याने त्याने आपापल्या कंपनीकडे जायचं, आणि कंपन्यांनी एकमेकींकडे वसुली करत बसायचं नाही. म्हणून तुम्ही तुमच्या कंपनीच्या कॉल सेंटरला "समोरच्याच्या विम्यातून द्या" म्हणालात की पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगते, "सर, ओन डॅमेजमध्ये करून घ्या, ते सोपं पडेल."

या करारामागे तर्क नाही असं मी म्हणत नाही. बंपरच्या प्रत्येक डेंटसाठी दोन सर्व्हेयर, दोन वकील आणि चूक कोणाची यावर सहा महिने वाद, यात नुकसानीपेक्षा खर्च जास्त होईल. तो खर्च शेवटी आपल्याच प्रीमियममध्ये येईल. शिवाय पुण्यातल्या कुठल्याही चौकात दोन ड्रायव्हरांना विचारा, चूक नेहमी तिसऱ्याची असते. हे सगळं मान्य. कंपन्यांनी आपसात हिशेब सोपा ठेवावा. पण त्यांच्या सोयीची किंमत माझ्या बोनसमधून का? चूक कोणाची हे आम्ही विचारणार नाही असं कंपन्यांनी ठरवलं, आणि मग चूक माझीच आहे असं समजून सूट काढून घेतली. हे दोन निर्णय वेगळे आहेत. पहिला काटकसरीचा आहे, दुसरा अन्यायाचा.

त्यावर कंपन्यांकडे उपाय आहे, तोही ऐका. 'एनसीबी प्रोटेक्ट' नावाचं अॅड-ऑन मिळतं. म्हणजे दुसरा येऊन तुम्हाला ठोकेल, त्यामुळे तुमची सूट जाईल, ती जाऊ नये म्हणून तुम्हीच आधी जास्त पैसे भरून ठेवायचे.

कायद्याचा रस्ता आहे की, असं कोणी म्हणेल. आहे. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला खासगी कारसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. (त्यांनी शंभर रुपयांच्या सवलतीसाठी ती मर्यादा ६,००० वर आणलेली नसेल तर. हो, असाही पर्याय असतो. आपली पॉलिसी काढून बघा.) पण ते पैसे मागायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे शिवाजीनगरच्या कोर्टात अर्ज करायचा. त्यासाठी पोलिसांचे कागद हवेत. मी दुसऱ्या दिवशी चौकीत गेलो. तिथले हवालदार वाईट वागले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोणाला लागलंय का?" मी म्हटलं, त्या मुलाचं कोपर. "तो आलाय का?" तो कसा येईल, तो ऑर्डरी टाकत फिरत होता. "मग साहेब, एवढ्याशासाठी कशाला? आपसात मिटवा." हातपाय मोडलेल्या माणसासाठी आणि मृताच्या घरच्यांसाठी ते न्यायाधिकरण आहे, आणि तिथे त्यांचीच रांग मोठी आहे. त्या रांगेत माझा टेललॅम्प घेऊन उभं राहायची मला खरंच लाज वाटली असती.

नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर विमा लोकपालांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, लोकपालांचा निवाडा कंपनीला बंधनकारक. चांगली सोय आहे, आणि क्लेम अन्यायाने नाकारला गेला तर जरूर जा. पण तिथे तक्रार करायची ती आपल्या स्वतःच्या विमा कंपनीविरुद्ध. माझ्या कंपनीने नियम मोडलाच नव्हता. नियमच तसा होता.

या नियमांचं वयही बघा. घसाऱ्याचा आणि बोनसचा हा तक्ता २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधला. १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर ठरवायची मोकळीक कंपन्यांना मिळाली. तेव्हापासून अॅपवर तीन मिनिटांत पॉलिसी, फोटो काढून क्लेम, कंपन्या किती आधुनिक झाल्या त्याच्या जाहिराती. मात्र आतला तक्ता तोच. मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून हे वरचं रंगकाम आणि आतला जुना सांगाडा मी लांबून ओळखतो.

तंत्रज्ञान नाही म्हणून हे होत नाही, एवढं तरी मान्य करू. एमपरिवहन अॅपवर कुठल्याही गाडीचा नंबर टाका, विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. क्लेमची माहिती कंपन्यांकडे एकत्र जमा होते, म्हणूनच तुम्ही कंपनी बदलताना जुना क्लेम लपवू शकत नाही. फ्रान्समध्ये लोक गाडीत एक छापील फॉर्म ठेवतात. किरकोळ धडक झाली की दोघांनी रस्त्याकडेला उभं राहून तो एकत्र भरायचा. कोण वळत होतं, कोण थांबलेलं होतं, यावर खुणा करायच्या, छोटं चित्र काढायचं, दोघांनी सही करायची, एकेक प्रत न्यायची. आता तो फोनवरही भरता येतो. तिथेही पैसे तुम्हाला तुमचीच कंपनी देते, म्हणजे सोय तीच. फरक असा की चूक कोणाची ते ठरलेल्या नियमांवरून ठरतं, चूक नसलेल्याच्या बोनसला हात लागत नाही, आणि चूक असलेल्याचा हप्ता साधारणपणे एका अपघातामागे २५ टक्क्यांनी वाढतो. फ्रेंच माणूस आपल्यापेक्षा सज्जन आहे असं समजायचं कारण नाही. सिग्नलवर मागून ठोकलं तर पुढची काही वर्षं ते त्याच्या खिशाला जाणवतं, एवढंच.

आता माझी बाजू, कारण ती न सांगता हे सगळं लिहिणं लबाडी होईल. तीन वर्षांपूर्वी वाकडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी खांबाला दरवाजा घासला होता. एका गॅरेजमध्ये नेलं. तिथल्या माणसाचा पहिला प्रश्न होता, "क्लेममध्ये करायचंय की कॅश?" दोन्हीचे रेट वेगळे. क्लेम म्हटल्यावर त्याने मला न विचारता अपघाताच्या वर्णनात 'अनोळखी दुचाकीची धडक' असं लिहायला घेतलं, आणि बंपरवरचा वर्षभरापूर्वीचा ओरखडाही त्यातच बसवतो म्हणाला. मी थांबवलं. प्रामाणिकपणाने थांबवलं असं सांगायला आवडेल, पण तेव्हाही मी एनसीबीचा हिशेब केला होता आणि क्लेम परवडत नव्हता. परवडला असता तर मी सही केली असती असं मला वाटतं. खोटं वर्णन पकडलं गेलं तर अख्खा क्लेम जाऊ शकतो हे मला ठाऊक होतं, तरीही. खरं सांगणाऱ्याला काहीच मिळत नसेल तर सगळे गॅरेजवाल्याच्या पेनाने लिहायला लागतात. मग कंपन्या म्हणतात, बघा, लोक किती खोटे क्लेम करतात.

पण मी निदान हिशेब करू शकत होतो. तो स्कूटरवाला मुलगा करू शकत नव्हता, कारण त्याच्याकडे हिशेब करण्याजोगं काही नव्हतं. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, तोही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे, आणि ते चांगलंच झालं. शोरूममध्ये त्याच्यासोबत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा मिळतो. वर्ष संपतं, तो कोणी पुन्हा काढत नाही. हातात पाच वर्षांचा कागद असतो, पोलीस अडवत नाहीत, विमा आहे असं वाटत राहतं. त्याचंही तसंच होतं. "दादा, माझा हाय ना इन्शुरन्स, पाच वर्साचा," असं तो मला फोनवर म्हणाला. मला त्याला सांगावं लागलं की तो विमा तू दुसऱ्याचं काही मोडलंस तर आहे, तुझं मोडलं तर नाही. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजी मीच समोरच्याला ठोकायचं व्हतं का?"

नॉक फॉर नॉक हा दोन पूर्ण विमावाल्या गाड्यांचा आपसातला समजूतदारपणा आहे. ज्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी आहे त्याला "तुझ्या विम्यातून घे" म्हणणं म्हणजे "काही मिळणार नाही" म्हणण्याची सभ्य पद्धत आहे. त्याचा हक्क त्या एसयूव्हीच्या विम्यावर होता. तो बजावायला पुन्हा शिवाजीनगर, वकील, तारखा. एक तारीख म्हणजे त्याची एक दिवसाची कमाई.

त्याचं गॅरेजचं बिल २,३०० झालं. फोटो पाठवला, सोबत एकही शब्द नाही. मी उरलेले अकराशे पाठवले. त्याच्या बिलाचा आणि माझ्या एस्टिमेटचा फोटो मी एसयूव्हीवाल्या गृहस्थांना व्हॉट्सअॅप केला. दोन निळ्या टिका आल्या. दोन दिवसांनी उत्तर आलं: "अहो क्लेम करा ना. यासाठीच तर असतो इन्शुरन्स." शेवटी हात जोडलेला इमोजी. पुढच्या तीन मेसेजना टिका निळ्या होत गेल्या, उत्तर नाही. बंपर मी तसाच ठेवलाय, फक्त टेललॅम्प बदलला. ऑक्टोबरमध्ये रिन्यूअल आलं, त्यात वर ठळक अक्षरांत सुरक्षित ड्रायव्हिंगबद्दल माझं अभिनंदन केलं होतं आणि सूट ५० टक्के. त्यांनाही असंच अभिनंदन आलं असणार.

मी काय केलं? एक पानी मराठी फॉर्म बनवला. तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, विमा कंपनी, कोण थांबलेलं होतं, कोण चालत होतं, चित्राला चौकोन, दोन सह्या. चार प्रती काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवल्या. कायद्याने त्याला विशेष किंमत नाही हे मला माहीत आहे. निदान रस्त्यावरची तोंडी कबुली सिग्नल सुटेपर्यंत तरी कागदावर राहावी, एवढाच विचार.

आजवर तो एकदाच वापरायची वेळ आली, आणि तेव्हा चूक माझी होती. औंधला रिव्हर्स घेताना एका काकांच्या उभ्या गाडीचा मागचा दरवाजा मी चेपला. काका शेजारच्या दुकानातून दुधाची पिशवी घेऊन येत होते. मी फॉर्म काढला, म्हटलं काका, चूक माझी आहे, इथे मी सही केलीये, तुम्ही पण करा, बिल मी देतो. त्यांनी चष्मा वर करून तो कागद पूर्ण वाचला. म्हणाले, "सही-बिही नको. इन्शुरन्स आहे माझा." मी तिथेच उभा राहून त्यांना २०, २५, ३५ चा हिशेब समजावला. त्यांना तो पटला, आणि त्यामुळेच जास्त शंका आली. त्यांनी बाजूला जाऊन बायकोला फोन लावला. "अगं, एक मुलगा गाडी ठोकून स्वतःहून पैसे देतोय. काय करू?"

पलीकडचं उत्तर मलाही ऐकू आलं. "आधी त्याच्या गाडीचा फोटो काढून घ्या. काहीतरी गडबड असणार."